उसनी खेळी

गेल्या दोन-तीन वर्षांत बुद्धिबळाच्या खेळानें आपल्या देशांत जें वैभव मिळविलें आहे, तें पाहून कोणाहि देशबांधवास समाधान वाटावें. २०२४ सालच्या सप्टेंबरांत हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट येथें भरलेल्या ऑलिंपियाडांत खुल्या गटाचें व स्त्रियांच्या गटाचें अशीं दोन्ही सुवर्णपदकें भारताकडे आलीं. खुल्या गटाच्या संघांत नाशिकचे विदित गुजराथी होते. स्त्रियांच्या संघांत नागपूरची दिव्या देशमुख होती, आणि त्या संघाचें नायकत्व पुण्याच्या अभिजित कुंटे ह्यांजकडे होतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सिंगापूर येथें चेन्नईच्या अठरा वर्षांच्या गुकेशनें चीनचे डिंग लिरेन ह्यांस ७॥ विरुद्ध ६॥ गुणांनीं जिंकून जगज्जेतेपद मिळविलें. पुढील वर्षीं जुलै महिन्यांत दिव्यानें जॉर्जिया देशांतील बाटुमी येथें स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. आणि त्याच २०२५ सालच्या नोव्हेंबरांत आपल्या शेजारच्या गोव्यांत २०६ खेळाडूंची विश्वचषक स्पर्धा पार पडून उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा जवोखिर सिंदारोव तींत विजयी झाला.

ह्या सर्व गोष्टींचा पडसाद आमच्या शाळेच्या व्हरांड्यांतहि उमटला आहे. मधल्या सुट्टींत जेथें पूर्वीं गोट्या दिसत, तेथें आतां पट मांडलेले दिसतात, आणि इयत्ता पांचवीचा विद्यार्थीहि रुय लोपेझ, सिसिलियन, लंडन अशीं नांवें सराईतपणें उच्चारतो. हें पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु त्या पटांजवळ घटकाभर उभें राहून पाहिलें असतां एक गोष्ट मनास खटकल्यावांचून राहत नाहीं. मुलगा पहिल्या आठ-दहा खेळी पाढे म्हणावे तशा झटझट करितो. त्या त्यानें मोबाईलवर पाहून पाठ केलेल्या असतात. प्रतिपक्षानें एखादें प्यादें अनपेक्षित ठिकाणीं सरकविलें, कीं त्याचा हात अधांतरीं थांबतो. ‘तूं उंट तेथें कां नेलास?’ असें विचारलें तर तो उत्तर देतो, ‘तेथेंच न्यावयाचा असतो.’ ह्या उत्तरांत जो दोष आहे, त्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांपाशीं व त्यांच्या पालकांपाशीं चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें. कारण तो दोष पटापुरताच राहत नाहीं.

डावाचा आरंभ म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. दोन्ही बाजूंचीं मोहरीं आपापल्या घरीं निजलेलीं असतात. त्यांस लवकर व सुरक्षितपणें रणांगणावर आणावें, पटाच्या मध्यभागावर आपली सत्ता बसवावी, आणि किल्लेकोट करून राजास आडोशाला ठेवावें, एवढाच आरंभाचा हेतु असतो. हे हेतु साधण्याच्या ज्या उत्तम वाटा पिढ्यान् पिढ्या सांपडत गेल्या, त्यांस नांवें मिळालीं. रुय लोपेझ हा स्पेन देशांतील एक ख्रिस्ती धर्मगुरु होता. त्यानें १५६१ सालीं ह्या खेळावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या नांवाचा आरंभ आजहि जगांतील श्रेष्ठ खेळाडू खेळतात. तेव्हां हें ज्ञान वाडवडिलांनीं जमवून ठेवलेली ठेव आहे, व तिचा अव्हेर करणें शहाणपणाचें नव्हे. परंतु ठेवीचा हिशेब ज्यास कळत नाहीं, त्याच्या हातीं ती फार दिवस टिकत नाहीं.

ह्यासंबंधीं १९१८ सालचा एक प्रसिद्ध डाव सांगण्यासारखा आहे. न्यूयॉर्क येथें अमेरिकेचे फ्रँक मार्शल ह्यांनीं क्यूबाच्या कापाब्लांकाविरुद्ध रुय लोपेझाच्या आरंभांत एक नवीच कल्पना काढिली. एक प्यादें बळी देऊन त्यांनीं पांढऱ्या राजावर मोठा हल्ला चढविला. ही खेळी घरीं शिजवून आणलेली आहे, हें कापाब्लांकास कळलें. पुढील वाटा प्रतिपक्षास ठाऊक आहेत आणि आपणांस नाहींत, हेंहि कळलें. तरी त्यानें प्यादें घेतलें, प्रत्येक घावास पटावरच विचार करून उत्तर दिलें, आणि छत्तिसाव्या खेळीस डाव जिंकला. पाठ असलेल्या वाटेवर चालणाऱ्यास वाट नसलेल्या रानांत चालण्याची संवय असलेल्या पुरुषानें गांठलें, असा हा प्रकार झाला. तथापि गोष्ट येथें संपत नाहीं. मार्शल हरले, पण त्यांची कल्पना हरली नाहीं. तिच्यामागें खरा विचार होता, म्हणून शंभराहून अधिक वर्षें लोटलीं तरी आजहि तो हल्ला टाळण्यासाठीं मोठमोठे खेळाडू आधींच निराळी वाट धरितात. खेळी पाठ असणें आणि कल्पना समजणें ह्यांत केवढें अंतर आहे, हें ह्यावरून ध्यानांत यावें.

त्यानंतर सहा वर्षांनीं, १९२४ सालीं, त्याच न्यूयॉर्क शहरांत त्याच कापाब्लांकास, जो त्या वेळीं जगज्जेता होता व आठ वर्षांत एकहि डाव हरला नव्हता, रिचर्ड रेटी ह्यांनीं हरविलें. मध्यभागीं आपलीं प्यादीं मांडून ठेवावीं, असा तोंवर नियम मानला जात असे. रेटी व त्यांचे समकालीन म्हणूं लागले कीं, मध्यभाग प्याद्यांनीं व्यापलाच पाहिजे असें नाहीं; गडावरील तोफ जशी दुरून मैदान राखते, तसा उंटाचा मारा दुरून ठेवूनहि तो ताब्यांत राखतां येतो. रेटींनीं पहिल्या खेळीस राजाच्या बाजूचा घोडा काढिला, दुसऱ्या खेळीस वजिराच्या उंटापुढील प्यादें दोन घरें पुढें केलें, आणि तिसऱ्या खेळीस त्याच बाजूच्या घोड्यापुढील प्यादें दोन घरें सरकविलें. ह्या तीन खेळी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. त्यांची आठवण पुढें पुन्हां करावयाची आहे.

ग्रंथांचा मुळींच आधार नसलेला मनुष्य कोठपर्यंत जाऊं शकतो, ह्याचें उदाहरण आपल्याच देशांत घडलें. पंजाबांतील मीर सुलतान खान हे देशी पद्धतीनें, जींत प्यादें आरंभीं एकच घर चालतें, हा खेळ शिकले होते. आपल्या धन्याबरोबर ते विलायतेस गेले, तेव्हां युरोपांतील आरंभांचीं पुस्तकें त्यांस जवळजवळ परकींच होतीं. असें असतां त्यांनीं १९२९, १९३२ व १९३३ ह्या तीन सालीं ब्रिटनचें अजिंक्यपद मिळविलें, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेंत कापाब्लांकास हरविलें. जागतिक संघटनेनें २०२४ सालीं, म्हणजे त्यांच्या मरणानंतर पुष्कळ वर्षांनीं, त्यांस ग्रँडमास्टर ही पदवी सन्मानपूर्वक दिली. त्यांच्या डावांचा आरंभ पुष्कळदां लंगडा असे. परंतु पुढें जेथें प्रत्येक खेळी स्वतःच शोधावी लागते, तेथें त्यांचें पाऊल फारसें चुकत नसे.

आतां आपल्या काळाकडे येऊं. १९९७ सालीं डीप ब्लू नांवाच्या संगणकानें जगज्जेत्या कास्पारोव्हास हरविलें, तेव्हां लोकांस मोठें नवल वाटलें. त्याहून मोठें नवल २०१७ सालीं झालें. अल्फाझीरो नांवाच्या यंत्रास केवळ खेळाचे नियम सांगण्यांत आले. त्यानें स्वतःशींच खेळून विद्या संपादन केली, आणि त्या काळच्या अत्यंत बलाढ्य अशा स्टॉकफिश ह्या यंत्राशीं शंभर डाव खेळून त्यांपैकीं २८ जिंकले, ७२ बरोबरींत सोडविले, व एकहि गमावला नाहीं. कडेच्या हत्तीपुढील प्यादें आरंभींच प्रतिपक्षाच्या राजाच्या अंगावर दौडवीत नेण्याची त्याची रीति पाहून मोठमोठे खेळाडू विचारांत पडले. जुन्या गुरूंनीं जी खेळी शिकाऊ मुलांस मना केली असती, ती आज मोठमोठ्या स्पर्धांत वारंवार दृष्टीस पडते. यंत्राकडून मनुष्यानें शिकावें तें असें, व ह्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

परंतु ह्या साधनाची दुसरी बाजूहि आहे. तेंच यंत्र सर्वांच्या घरीं आल्यामुळें सर्वांस तींच उत्तरें मिळूं लागलीं. २०१८ सालीं लंडन येथें मॅग्नस कार्लसन व फाबियानो कारुआना ह्यांच्यांत जगज्जेतेपदाचा सामना झाला. त्याचे बाराहि दीर्घ डाव बरोबरींत सुटले, आणि निकाल जलद डावांवर लावावा लागला. त्याच कार्लसन ह्यांनीं २०२२ सालीं पदरक्षणाचा सामना खेळण्याची आपणांस इच्छा उरली नाहीं, असें सांगून आपलें पद सोडलें. पाठांतराच्या ह्या ओझ्यास कंटाळून कांहीं श्रेष्ठ खेळाडू बॉबी फिशर ह्यांनीं १९९६ सालीं जाहीर केलेल्या खेळाकडे वळले आहेत. त्यांत मागील ओळींतील मोहऱ्यांची मांडणी चिठ्ठी टाकून ठरवितात. अशा मांडण्या ९६० होतात. म्हणून पाठ केलेला आरंभ तेथें निरुपयोगी ठरतो व पहिल्या खेळीपासून डोकें चालवावें लागतें. २०२५ च्या फेब्रुवारींत जर्मनींतील वाइसेनहाउस येथें ह्या प्रकारची मोठी स्पर्धा झाली, ती व्हिन्सेंट कायमर ह्या तरुण जर्मन खेळाडूनें जिंकली. हा खेळ मनोरंजक आहे, हें आम्ही कबूल करितों. तथापि परीक्षेंत नक्कल होते म्हणून पाठ्यपुस्तकेंच जाळावीं, ह्या मताचे आम्ही नाहीं. चारशें-पांचशें वर्षांची ठेव टाकून देण्यापेक्षां ती समजून घेणें बरें.

आणि खरें पाहतां, जुन्या मांडणीच्या खेळांतहि विचारास पुन्हां वाव मिळूं लागला आहे. आरंभांतील नव्या कल्पनांचा हेतु आतां पालटला आहे. यंत्राच्या मतें जी खेळी सर्वोत्तम, ती प्रतिपक्षानेंहि पाठ केलेली असते. म्हणून आजचे चतुर खेळाडू पुष्कळदां यंत्राच्या यादींत दुसरी-तिसरी ठरणारी, दिसावयास साधी, पण अनोळखी वाट निवडतात. प्रतिपक्षास पाठांतराच्या गाडीवाटेवरून उतरवावयाचें, आणि मग दोघांनींहि आपापल्या बुद्धीवर खेळावयाचें, असा हा बेत असतो.

सिंगापूरच्या सामन्यांतील अकरावा डाव ह्या दृष्टीनें वाचनीय आहे. दहा डावांअंतीं दोघांचे पांच-पांच गुण होते. गुकेशनें पहिल्या खेळीस राजाच्या बाजूचा घोडा काढिला, दुसऱ्या खेळीस वजिराच्या उंटापुढील प्यादें दोन घरें टाकिलें, आणि तिसऱ्या खेळीस त्याच बाजूच्या घोड्यापुढील प्यादें दोन घरें सरकविलें! बरोबर शंभर वर्षांपूर्वीं रेटींनीं केलेल्या ह्याच त्या तीन खेळी होत. काळ्याचीं उत्तरें निराळीं, म्हणून डावहि निराळा. पण जुन्या पेटींतील वस्त्र नव्या प्रसंगास कसें उपयोगीं पडतें, तें येथें दिसलें. डिंग ह्यांस चवथ्याच खेळीस अर्ध्या तासाहून अधिक वेळ विचार करावा लागला. परंतु पुढें काय झालें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावें. थोड्याच खेळींनंतर गुकेशचीहि तयारी संपली, आणि एका खेळीवर तोहि सुमारें तासभर विचार करीत बसला. त्याच्या नव्या आरंभानें त्यास विजय दिला नाहीं. प्रतिपक्षाचा थोडा वेळ व थोडी निश्चिंति तेवढी काढून घेतली. विजय मागाहून मिळाला, घड्याळ अंगावर आलेलें असतां डिंग ह्यांनीं अठ्ठाविसाव्या खेळीस चूक केली तेव्हां.

दुसऱ्याच दिवशीच्या सामन्यांत डिंग ह्यांनीं सुंदर खेळून बरोबरी साधिली. पुढें चौदाव्या व शेवटल्या डावांत पटावर अगदीं थोडीं मोहरीं उरलीं होतीं; गुकेशपाशीं एकच प्यादें अधिक होतें, आणि डाव बरोबरींत सुटेल असेंच बहुतेकांस वाटत होतें. तरी तो खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीस डिंग ह्यांनीं आपला हत्ती भलत्या घरीं नेला. हत्ती व उंट मारले जाऊन केवळ राजे व प्यादीं उरलीं, आणि तो शेवट गुकेशनें जिंकला. बाटुमी येथेंहि तसेंच झालें. दिव्या देशमुख व कोनेरू हंपी ह्यांचे दोन दीर्घ डाव बरोबरींत सुटले, आणि अखेरच्या जलद डावाचा निकाल, घड्याळाचे कांटे धांवत असतां, मोजक्या मोहऱ्यांच्या खेळांत लागला. ह्या दोन्ही सामन्यांसाठीं दोन्ही पक्षांनीं महिनोन् महिने आरंभांची तयारी केली असेल. परंतु निर्णय जेथें झाला, तेथें कोणाचेंहि टांचण पोंचत नव्हतें.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. दिवे दहाहि जणींपाशीं होते. सायंकाळीं पाहणारास पांच शहाण्या कोणत्या व पांच मूर्ख कोणत्या, हें सांगतां आलें नसतें. मध्यरात्रीं हांक आली, तेव्हां भेद उघड झाला, आणि त्या वेळीं तेल उसनें मिळेना. पाठ केलेल्या खेळींचें असेंच आहे. पहिल्या दहा खेळींत समजून खेळणारा व घोकून खेळणारा सारखेच दिसतात. अकराव्या खेळीस ज्याचें तेल स्वतःचें, त्याचाच दिवा जळतो.

आमचें हें बोलणें शाळेच्या अभ्यासासहि लागू आहे, हें चाणाक्ष वाचकांनीं ओळखलें असेल. बाजारांतील मार्गदर्शिकेंतून उत्तरें घोकणारा विद्यार्थी, आणि आतां संगणकास प्रश्न विचारून निबंध उतरून घेणारा विद्यार्थी, हे दोघेहि उसनी खेळीच खेळत असतात. ह्यावर कांहीं पालक म्हणतील कीं, परीक्षेंत गुण तर अशाच उत्तरांस मिळतात, मग मुलांचा दोष काय? ह्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्न जेथें दरवर्षीं तेच येतात, तेथें घोकंपट्टीचा जय होतो, व त्याचा दोष आम्हां शिक्षकांकडेहि येतो. परंतु परीक्षा हा डावाचा आरंभ आहे. तिच्यापुढें जो चाळीस-पन्नास वर्षांचा डाव खेळावयाचा, त्यांत प्रतिपक्ष पुस्तकांतील खेळी करीत नाहीं. धंद्यांत खोट येते, घरांत आजार येतो, मित्र फिरतो, मोह समोर उभा राहतो. त्या वेळीं पानाचा आंकडा आठवून काय उपयोग?

स्मरणशक्तीचा तिरस्कार करावा असें मात्र कोणीं समजूं नये. पाढे, स्तोत्रें व कविता पाठ असाव्याच. गुकेशनें आरंभाचा अभ्यास केला नसता तर त्यास रेटींची वाट सुचलीच नसती. आमचा आग्रह एवढाच आहे कीं, पाठ केलेल्या प्रत्येक गोष्टीपुढें ‘कां?’ हा प्रश्न उभा करावा. ज्या खेळीचें कारण सांगतां येतें, ती खेळी आपली झाली. मग ती प्रथम कोणीहि शोधिलेली असो.

पालकांस एक गोष्ट नम्रपणें सुचवितों. गुकेशचे आरंभींचे गुरु विष्णु प्रसन्न ह्यांनीं त्यास पहिलीं कांहीं वर्षें संगणकाच्या साह्यापासून मुद्दाम दूर ठेविलें होतें. आधीं त्यानें स्वतः विचार करावा, स्वतः चुकावें, आणि मग यंत्रास विचारावें, असा त्यांचा क्रम होता. असें असूनहि तो बाराव्या वर्षीं ग्रँडमास्टर झाला. ह्यावरून सर्वच मुलें जगज्जेतीं होतील असें नव्हे, व त्या आशेनें कोणीं मुलांस शाळेंतून काढून पटापुढें बसवूं नये. परंतु उत्तर पाहण्यापूर्वीं प्रयत्न करावा, हा क्रम गरीब-श्रीमंत प्रत्येक घरांत पाळतां येतो, आणि त्यास एक पैसाहि लागत नाहीं. मूल एखाद्या गणितावर अडलें असतां त्यास लगेच उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. तें जें चुळबुळत बसलेलें दिसतें, तेंच त्याचें खरें शिक्षण चाललेलें असतें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही बुद्धिबळ अवश्य खेळा. आरंभ थोडे शिका, पण ते चांगले शिका. शेवटच्या मोजक्या मोहऱ्यांचा खेळ आधीं शिका; कापाब्लांकाहि असेंच सांगत असे. हरलेला डाव लिहून ठेवा व कोणत्या खेळीस पहिली चूक झाली, तें यंत्रास विचारण्यापूर्वीं स्वतः शोधा. आणि ज्या दिवशीं समोरचा गडी तुमच्या पाठांत नसलेली खेळी करील, त्या दिवशीं घाबरूं नका. हात मांडीवर ठेवा, पटाकडे पाहा, आणि स्वतःस विचारा कीं, ह्यास काय हवें आहे व मला काय हवें आहे. तेथून पुढें जी खेळी तुम्हांस सुचेल, ती कदाचित् फार मोठी नसेल. पण ती तुमची स्वतःची असेल.